पेट्रोलियम जेली की सिलिकोन ग्रीस? जुन्या गाडीच्या वायरिंगला काय लावावं

माझी प्रीमियर पद्मिनी गाडी १९७८ ची. बडोद्यात तिने जितके पावसाळे काढले, तितक्यांदा कुठला ना कुठला दिवा रुसलेला आहे. बहुतेक वेळा बल्ब चांगला, फ्यूज चांगला, वायरही चांगली. दोष मधल्या जोडात. पितळेवर हिरवा थर, नाहीतर अर्थच्या स्क्रूखाली (जिथे वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते) गंज. अशा जोडात थोडे व्होल्ट जरी अडले तरी परिणाम मोठा होतो. हेडलाइटच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो.

जोड साफ करायचे हे सगळ्यांना पटतं. अडतं ते पुढे: परत बसवताना त्यावर पेट्रोलियम जेली चोळायची की सिलिकोन ग्रीस? मी दोन्ही बरीच वर्षं वापरली आहेत, म्हणून लिहितो.

आधी साफसफाईचं थोडं, कारण घाणीवर काहीही चोपडलं तरी आतली घाण खातच राहते. चिंच-मिठाने पितळ लखलखतं हे घरचं ज्ञान आहे, आणि मी टर्मिनल काढून तसं घासलंही होतं. पण मिठाचा अंश वायरीच्या तारांत शिरला आणि काही दिवसांतच पुन्हा हिरवं दिसू लागलं. त्यामुळे मीठ अजिबात नको. जाड पॉलिश पेपरही नको. बऱ्याच टर्मिनलवर कथिलाचा पातळ मुलामा असतो, तो खरवडला गेला की उघडं पितळ लवकर काळवंडतं. जुना टूथब्रश, खोडरबर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा एवढ्यावर माझं भागतं. फ्यूजबॉक्समधले टोकदार फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत बसतात त्यांचा ताण गेला असेल, तर आधी त्या हलक्या हाताने आत वळवून घ्या. सैल पकडीवर कुठलंच ग्रीस उपाय नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरच्या पांढऱ्या-निळ्या फुलोऱ्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग पूर्ण कोरडं.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. या दोन्हींतून वीज वाहत नाही, आणि वाहायची गरजही नाही. धातू धातूला घट्ट टेकतो तिथून ग्रीस आपसूक बाजूला दाबलं जातं, आणि भोवतीच्या फटीत बसून हवा-पाण्याला अडवतं. म्हणून पातळ बोट फिरवायचं, थापायचं नाही.

उन्हाच्या बाबतीत सिलिकोन सरळ पुढे आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या वर जातो, बंद गाडीत तर विचारायलाच नको. पेट्रोलियम जेली तेव्हा पातळ होऊन ओघळते, आणि नेमकी पावसाच्या तोंडावर वरची टर्मिनल उघडी पडतात. शिवाय तिला धूळ चिकटते. सिलिकोन जागचं हलत नाही.

पाण्याच्या बाबतीत माझा अनुभव एकाच प्रसंगाचा आहे, तेवढाच त्याला भार द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत गाडीचे मागचे दिवे बुडाले होते. उजव्या दिव्याच्या जोडांवर सिलिकोन होतं, डाव्यावर जेली. पाणी ओसरल्यावर दोन्ही दिवे लागले. उघडून पाहिलं तेव्हा सिलिकोनची बाजू जास्त स्वच्छ होती, हे कबूल करायला हवं. डावीकडे चिखलाचा लेप होता, पण पुसल्यावर खाली पितळ पिवळंच निघालं.

इथवर वाचून कुणीही सिलिकोनच घेईल. मीही घेत होतो.

मग उजव्याच दिव्याची वायर टर्मिनलच्या तोंडाशी तुटली. जुन्या वायरीचं असं होतंच. नवीन लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावून सोल्डर करायला बसलो, तर सोल्डर तारेवर पसरेचना. मण्यासारखं गोळा होऊन घरंगळायचं. तार खरवडली, स्पिरिटने पुसली, पुन्हा खरवडली. सिलिकोन तारांच्या मधून आवरणाच्या आत किती लांब गेलं होतं कोण जाणे. शेवटी तीन बोटं वायर कापून टाकावी लागली. पण या गाड्यांच्या वायरीला तेवढी ढील असते कुठे? मध्ये तुकडा जोडावा लागला. गंजाला आणखी एक जागा मिळू नये म्हणून जे लावलं होतं, त्याच्याचमुळे गाडीत एक नवा जोड आला. ती संध्याकाळ मला अजून सलते.

पुढे त्याच बाजूच्या पत्र्याला रंग द्यायला घेतला, तर दिव्याच्या भोवती रंग ठिकठिकाणी फाकून बारीक गोल खड्डे पडले. पेंटरने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, आमां सिलिकोन लाग्युं छे.’ म्हणजे याला सिलिकोन लागलंय. माझ्याच हाताचं लागलेलं असणार. त्याला तेवढा भाग पुन्हा घासावा लागला.

नव्या गाडीचे जोड वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. आपल्या गाडीचे आपण दर वर्षी उघडतो. कधी लग बदलतो, कधी सोल्डरचा डाग देतो, कधी पत्रा रंगवतो. जेली पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली की गेली (बॅटरीची तार आधी काढून, मोकळ्या हवेत). माझ्या मते जुन्या गाडीला हेच जास्त मोलाचं आहे, आणि त्यासाठी वर्षातून दोनदा हात फिरवायचे कष्ट मला चालतात.

तरी सगळीकडे जेली असं मी म्हणणार नाही. रबराला ती मानवत नाही, फुगवते आणि मऊ करते. स्पार्क प्लगच्या टोप्यांच्या आत आणि दिव्यांच्या रबरी गॅस्केटला सिलिकोनच लावा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटजवळ आणि हॉर्नच्या रिलेत, म्हणजे जिथे जोड सारखा जुळतो-तुटतो तिथे, मात्र सिलिकोन नेऊ नका. ठिणगीच्या उष्णतेने त्याची वाळूसारखी सिलिका बनते आणि ती वीज अडवते. आणि गाडीचं सगळं काम उरकलं असेल, ती बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर २०२३ च्या जानेवारीत प्रदर्शनात मांडलेल्या जुन्या गाड्यांसारखी बहुतेक वेळ झाकून ठेवायची असेल, तर सिलिकोन तुम्हाला कदाचित जास्त सोयीचं पडेल.

माझ्याकडे बॅटरी, फ्यूजबॉक्स, अर्थचे स्क्रू आणि दिव्यांचे जोड या सगळ्यांवर आता जेली आहे. एक हात मृग लागायच्या आधीच्या आठवड्यात, दुसरा खंडेनवमीला, पाने-पकडी पूजेसाठी बाहेर निघतातच तेव्हा. अर्धी उरलेली सिलिकोनची ट्यूब वेगळ्या डब्यात ठेवली आहे, आणि ती वापरल्यावर पत्र्याला हात लावण्याआधी साबणाने दोनदा धुतो.