कॅम्परमधला डिझेल हीटर: हिवाळाभर वापरल्यानंतर

जळगावात राहून गाडीत हीटर बसवला म्हटलं की लोक हसतात. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जाणारा आपला मुलूख! पण ज्याने जानेवारीत धुळ्याला पहाटेची गाडी पकडली आहे किंवा तोरणमाळला मुक्काम केला आहे, तो हसत नाही. सातपुड्यातल्या डाब गावाकडे तर कडाक्याच्या थंडीत पानांवरचं दव गोठतं.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर व्हॅन, आत मुक्काम करता येईल असा कॅम्पर केलेली. मागे दोघांपुरता पलंग, छोटा ओटा आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा. तिच्यात 2 किलोवॅटचा डिझेल हीटर बसवला. हीटर उत्तम आहे, पण गाडीतला खरा त्रास थंडीचा नाही, ओलीचा आहे. आणि ती एकट्या हीटरने जात नाही.

सारंगखेड्याला यात्रेच्या वेळी तापीकाठी मुक्काम होता. सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं आणि छताच्या लोखंडी पट्ट्यांवर थेंबांची रांग लागली होती. मी काच पुसत होतो, तर शेजारी घोडे बांधलेले एक बाबा म्हणाले, "भाऊ, गाडीले बी घाम येस का?" येतो की! फक्त तो घाम आपलाच असतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. वर गॅसचा हिशेब वेगळा: 1 किलो एलपीजी जळला की साधारण 1.6 लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून आत फक्त चहा होतो. भरीत असेल तर वांगी बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्यांवरच भाजायची. तशी चव गॅसवर येतही नाही, तो भाग निराळा.

आत 20 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर 12 अंशांच्या खाली गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी धरतं. काच, पत्रा, दाराचं हँडल, काहीही. त्यामुळे पंखा अगदी हळू चालू आणि पलंगाकडची खिडकी दोन बोटं उघडी, हा आमचा नियम. सौ.ला हे आधी अजिबात पटेना. "डिझेल जाळून हवा गरम करायची आणि ती बाहेर सोडून द्यायची?" बाहेर धुकं असताना तर हे वेड्यासारखंच वाटतं. पण 8 अंशांवरची धुक्यातली हवासुद्धा आत येऊन 20 अंशांवर गेली की तिची आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत येते. थंड हवेत मुळात पाणीच कमी मावतं. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ भिंतीला लावलं, तेव्हा वाद मिटला.

आता हीटरबद्दल. याची ज्योत बंद डब्यात असते. जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो, आणि आतली हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरते. म्हणून ऊब कोरडी मिळते. सगळ्यात कमीवर ठेवला तर रात्रभरात लिटरभर डिझेलही लागत नाही. सुरू होताना मात्र काही मिनिटं बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. बॅटरी उतरलेली असेल तर एरर दाखवून बंद पडतो, आणि हे नेमकं पहाटे चार वाजता होतं. पंपाची टकटक पहिल्या रात्री डोक्यात जाते. रबरावर बसवून घेतला की सुसह्य होते. सतत कमीवर चालवला तर आत काजळी धरते, म्हणून बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने चालवतो.

कोळशाची शेगडी गाडीत घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. हीटर असला तरी या वायूचा अलार्म उशाजवळ लावलाच पाहिजे.

माझी तक्रार गाडी बनवून देणाऱ्यावर आहे. त्याने पत्र्यामागे काचेची लोकर भरली. ती ओल धरून बसते आणि मागून पत्रा गंजतो. एका कोपऱ्यातलं पॅनेल काढलं, तर लोकर पिळण्यासारखी ओली निघाली. पत्र्याला घट्ट चिकटणारा, पाणी न पिणारा फोमच हवा. गादीखालीही तसंच: प्लायवर गादी थेट टाकली की खालून बुरशी येते. प्लायला भोकं पाडून वर काथ्याची चटई टाकली, तेव्हापासून गादी कोरडी आहे. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या कपाटापुरत्या ठीक, अख्ख्या गाडीला त्या पुरत नाहीत.

पावसाळ्यात खिडकीची युक्ती फारशी चालत नाही, कारण बाहेरची हवाच ऊबदार आणि ओली असते.

जळगाव-धुळ्याच्या सपाटीवरच मुक्काम करणार असाल तर हीटर घेऊ नका. पंखा आणि जाड गोधडी पुरते. सातपुड्यात जायचं असेल, बरोबर वयस्कर माणसं असतील, तर जरूर घ्या. बसवताना धुराचा पाइप गाडीच्या पोटाखाली न संपता बाजूला बाहेर निघतो ना, आणि वरच्या खिडकीपासून लांब आहे ना, हे स्वतः वाकून बघा.