प्रौढांची शब्बाथ शाळा: वर्षभराच्या हजेरीनंतर

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे केंद्र झालेल्या अहमदनगरमधील (आताचे अहिल्यानगर) एका ख्रिस्ती मंडळीत, रविवारच्या उपासनेपूर्वी भरणाऱ्या प्रौढांच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे बायबल अभ्यासाच्या वर्गात, मी वर्षभर जात आहे. शास्त्रपाठ नेमका असतो. मात्र मला अधिक भावली ती येथील सहभागिता, कारण एखादा सभासद सलग दोन रविवार दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभे असते.

अर्पणाची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील, गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांवरील (अगदी कमी किमतीच्या नाण्यांवरील) पाठानंतर वर्गाने ठरवले की, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, पण न चुकता द्यावे आणि रक्कम कोणालाही कळू नये, म्हणून बंद पाकिटे वापरली जातात. जमाखर्च मात्र दरमहा सर्वांसमोर वाचला जातो. धर्मादाय कामात असा उघडेपणा मला अत्यावश्यक वाटतो. त्या पैशांतून शाळकरी मुलांची वह्यापुस्तके आणि एकाकी वृद्धांची औषधे दिली जातात.

एक उणीव जाणवते: नाताळात ब्लँकेटे वाटताना घेणाऱ्यांची खरी गरज आधी विचारली गेली नव्हती. हे मी वर्गात मांडले, तेव्हा यंदा घरोघरी जाऊन विचारण्याचे ठरले आणि त्या भेटी सध्या सुरू आहेत.