'पेट फ्रेंडली' फिल्टर लावून घर शोधलं, सर्व्हिसला 5 पैकी अडीच

घर शोधून देणाऱ्या एका अ‍ॅपची पेड सर्व्हिस घेतली होती, नाव लिहीत नाही. आमच्याकडे एक म्हातारी लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री) आणि दोन मांजरी, त्यामुळे पैसे भरायचं कारण एकच, तो 'पेट फ्रेंडली' वाला फिल्टर. तर फिल्टर चालतो का? चालतो. जिथे कुत्र्याला सरळ नाही म्हणतात ती घरं यादीतून बऱ्यापैकी गळतात, तेवढी पायपीट आणि नकार ऐकणं वाचतं, हे अडीच स्टार त्याचेच आहेत. पण परवानगी असणं वेगळं आणि ते घर त्या जनावराला राहण्यासारखं असणं वेगळं, आणि हे दुसरं अ‍ॅपला माहीतच नाही, त्यांच्या माणसालाही नाही.

आधी फरशीचं बोलते कारण सगळ्यात जास्त घरं आमची तिथेच बाद झाली. फोटोत आरशासारखी चमकणारी टाइल बघून आपण खूश होतो, कुत्र्याचं तसं नसतं, त्याची नखं मांजरीसारखी आत जात नाहीत, गुळगुळीत टाइलवर ती नुसती घसरतात. त्यात लॅबच्या जातीत खुब्याच्या त्रासाचं प्रमाण मुळातच जास्त आणि वय झालं की सांधे आणखी धरतात. एका घरात आमची लॅब आत आली, दोन पावलं टाकली आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले, मग जी पायपुसण्यावर जाऊन बसली ती हलेचना, आणि सोबत आलेला माणूस म्हणतो मॅडम नवीन जागा आहे ना, होईल सवय. अहो सवय कसली, तिला रोज पाणी प्यायलासुद्धा त्याच फरशीवरून जायचंय! नंतर आम्ही मोजे घालून घरं बघायला लागलो, दार ते किचन जरा भराभर चालून बघायचं, आपण सटकलो तर कुत्रं सटकणारच. कार्पेट टाकून भागतं म्हणा, पण घरभर कार्पेट आणि त्यात लॅबचे केस, ते झाडणार कोण?

मांजरींच्या बाबतीत तर आनंदच. "मांजर काय हो, कुठेही राहते." हे वाक्य मी या सर्व्हिसच्या प्रत्येक माणसाकडून ऐकलंय. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं 'मोठी बाल्कनी, पेट्ससाठी बेस्ट', आणि बाल्कनी सातव्या मजल्यावर, रेलिंगच्या सळ्यांमधून माझा हात खांद्यापर्यंत आरामात बाहेर. मांजरीचं गळ्याचं हाड दुसऱ्या हाडांना पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की बहुतेक वेळा मागोमाग अंगही जातं. खिडक्यांना जाळी आहे म्हणून दाखवली ती डासांची फायबरची, कोपऱ्यात बोटाने दाबली तर खाचेतून निघून हातात आली, नखांपुढे ती काय टिकणार. वरून तिरकी उघडणारी खिडकी असेल तर आणखी सांभाळा, त्या फटीत मांजर अडकून जीव जाऊ शकतो.

आणि हो, मांजर उंचावरून पडली तरी पायावरच पडते हे सांगणारे भेटतातच. वरच्या मजल्यांवरून पडलेल्या 132 मांजरींचा न्यूयॉर्कमधला एक अभ्यास 1987 साली छापून आला होता, त्यातल्या साधारण 90 टक्के वाचल्या हे सगळे सांगतात, पण त्या दवाखान्यापर्यंत आणलेल्या मांजरी होत्या, जागच्या जागी गेलेल्या त्यात धरलेल्याच नाहीत. शिवाय वाचल्या म्हणजे धडधाकट राहिल्या असं नाही, छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं हे होतंच.

लिफ्टबद्दल अ‍ॅपवर 'लिफ्ट आहे' एवढंच. कुत्र्याला मेन लिफ्ट चालते की सामानाचीच, ती बंद पडली तर काय, हे विचारल्यावर आमच्या माणसाने तिथेच उभं राहून कुणाला तरी फोन लावला. म्हातारं कुत्रं दिवसातून चार वेळा खाली न्यायचं असेल तर वरच्या मजल्यावरचा व्ह्यू गेला खड्ड्यात, आम्हाला पहिला मजला हवा होता. लिटर बॉक्सची, म्हणजे मांजरींच्या शी-शूच्या ट्रेची, जागा कुणीच धरत नाही. जितक्या मांजरी त्याहून एक जास्त बॉक्स ठेवावा म्हणतात, म्हणजे आम्हाला तीन, तेही वॉशिंग मशीनच्या धडधडीपासून लांब. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारच्या आसपास, मांजरीला 60 हजारच्याही वर, त्यामुळे पंपाला लागून असलेली खोली आपल्याला शांत वाटली तरी त्यांना वाटेलच असं नाही.

सगळ्यात राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एक घर जवळपास ठरलं, आणि मग कळलं की या लोकांनी मालकाला 'छोटासा डॉग आहे' सांगून ठेवलंय. छोटासा! मालकांनी लॅबला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला, बिचारे तोंडावर काही बोलले नाहीत पण संध्याकाळी नकार आला. प्रोफाइलमध्ये मी लॅबची जात, वजन, वय सगळं भरलं होतं, ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. कस्टमर केअरला तक्रार केली तर फीडबॅकबद्दल धन्यवाद असा मेसेज.

शेवटी घेतलेलं घरही त्याच अ‍ॅपवर मिळालं, हे प्रामाणिकपणे सांगते. पहिला मजला, जुनी बिल्डिंग, किचन एवढंसं, फरशी खडबडीत आणि रंगाने भयाण, म्हणून फोटोत कुणी बघत नसावं. खिडक्यांना स्टीलची जाळी आम्ही लावून घेतली, बाल्कनीला नेट, मालकांची परवानगी आधी लेखी घेतली. नवरा अजून त्या फरशीच्या रंगावरून कुरकुरतो.

मोठं कुत्रं असेल तर पैसे भरा, पण मालकाशी एकदा स्वतः बोला आणि कुत्र्याचा फोटो आधीच पाठवा. नुसत्या मांजरी असतील तर या फिल्टरसाठी एक पैसाही घालवू नका, त्यात तुमच्या कामाचं काहीच नाही.