जर्मनीतल्या नर्सिंगसाठी ‘विम्याचे’ १,१२,५०० रुपये

म्हापशातल्या एका एजंटने आमच्याकडून २,३७,५०० रुपये घेतले. रजिस्ट्रेशन २५,०००, ‘पात्रता फाइल’ ६०,०००, सरकारी इस्पितळातली सीट धरून ठेवायला ४०,००० आणि तीन वर्षांच्या आरोग्य विम्याचे आगाऊ १,१२,५००. बाकीचं एकवेळ गिळता येईल. विम्याचं आठवलं की अजून डोकं फिरतं.

मुलगी गोवा बोर्डातून बारावी, जर्मन भाषेची बी-१ पातळी पास. तिथलं नर्सिंगचं औसबिल्डुंग, म्हणजे इस्पितळात काम करत घ्यायचं प्रशिक्षण, तीन वर्षांचं, शिकता शिकता पगार. हे सगळं खरं आहे, म्हणूनच या लोकांचं फावतं. आमची खात्री पटावी म्हणून त्याने आधी गेलेल्या कुणा मुलीची पे-स्लिप टेबलावर ठेवली, नाव काळं केलेली. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,३४० युरो, म्हणजे सरकारी इस्पितळांचा २०२४ चा दर. मुलीने ती वाचली आणि म्हणाली, "बाबा, यात केव्ही म्हणून कपात आहे, म्हणजे आरोग्य विमा. तो तर पगारातूनच कापतात."

तिथेच उठायला हवं होतं. पुरावा समोर, आणि तोही त्यानेच दिलेला! पण तो शांतपणे म्हणाला, "बाय, ते प्रोबेशन संपल्यावर. तोवर परदेशी ट्रेनीला तिथे विमा नसतो. व्हिसालाच दाखवावा लागतो." व्हिसाला विमा लागतो हे आम्ही वाचलेलं होतं, त्यामुळे पटलं. प्रोबेशन सहा महिन्यांचं आणि विमा तीन वर्षांचा, ही गोम त्या खुर्चीत बसून कुणाला सुचते?

व्हिसासाठीचा तो विमा पोचल्यापासून प्रशिक्षण सुरू होईपर्यंतच्या दिवसांपुरता. प्रशिक्षण सुरू झालं की पहिल्या दिवसापासून तिथला सक्तीचा आरोग्य विमा लागू. मूळ हप्ता १४.६ टक्के, वर त्या त्या विमा संस्थेचा थोडा अधिभार. अर्धा इस्पितळ भरतं, अर्धा पगारातून जातो. तीन वर्षांचे पैसे म्हापशात भरायचा प्रश्नच येत नाही. हे आम्हाला कळलं ते मुलीने इस्पितळाला थेट मेल केल्यावर. तिचं नाव त्यांच्याकडे कुठेच नव्हतं. ‘पात्रता फाइल’चंही तेच: बारावीची मार्कलिस्ट तिथल्या राज्याचं कार्यालय तपासतं, एजंट नव्हे. शिवाय व्हिसाला बी-१ चालली तरी इस्पितळं बहुतेक बी-२ मागतात. ते त्याने कधी उच्चारलंच नाही.

"शिकलेली माणसं फसतात कशी?" असं विचारणाऱ्यांनी डिचोलीत येऊन बघावं. २०१८ ला खाणी बंद पडल्या, ट्रक विकला. ज्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला ते गेले. उरलेल्यांना एजंटच दिसतो.

आता पोलीस. "पैसे स्वखुशीने दिलेत, दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, फसवणूक आहे. हवालदार म्हणाला, "चारशे वीस लागत नाही." अहो, ते आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तेवढं तरी माहीत करून घ्या! तिथून सायबरकडे पाठवलं, कारण पैसे यूपीआयने गेले. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसून बोललाय, हे सायबर कसं? परदेशी नोकरभरतीच्या कार्यालयात विचारलं तर, "हे शिक्षण की नोकरी?" शिक्षण म्हटलं तर आमचं नाही. नोकरी म्हटलं तर, "पण करारात प्रशिक्षण लिहिलंय." या फटीतच तर तो एजंट बसलाय! पाटीवर ‘एज्युकेशन कन्सल्टंट’ लिहिलं की परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्यांना लागणारा १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा परवाना नको, ३०,००० रुपये अधिक जीएसटी ही शुल्काची मर्यादा नको. मुलीने कुठल्या देशात, कुठल्या खात्याखाली रडायचं ते एकदा लिहून द्या.

नोकरी म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना क्रमांक बघा. पैसे कंपनीच्या खात्यात मागितले की कुणा माणसाच्या, तेही बघा. आमचे सगळे त्याच्या मेहुण्याच्या खात्यात गेले. फसल्याचं कळलं त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात जाण्याआधी. इस्पितळाला मेल पैसे देण्याआधी करा, नंतर नव्हे. आणि घरातलं पोर कागद वाचून काही म्हणालं तर एजंटसमोर त्याला गप्प बसवू नका.

माझ्याकडे अर्जाची शिक्का मारलेली पोच आहे. म्हापशात कुणी ‘तीन वर्षांचा विमा’ म्हणून असेच पैसे भरले असतील तर आपापला लेखी अर्ज द्या, कारण ठाण्यातले साहेब मला म्हणाले, "एकट्याची तक्रार आहे हो. अजून चार आल्या तर एफआयआरचं बघू."