दुर्मीळ पोलिश ध्वनिमुद्रणांची देवघेव : काही महिन्यांच्या ऐकण्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी एका छोट्या देवघेवीत आहे. पोलंडच्या जुन्या एलपी, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली, महोत्सवांतली थेट मुद्रणं, असं जे आज दुकानात मिळत नाही ते एकमेकांना पाठवायचं. पैशाचा व्यवहार नाही. ज्याच्याकडे जी तबकडी असेल ती त्यानं नीट उतरवून घ्यायची, तिची फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारी) फाइल करायची, कव्हरचे आणि लेबलचे फोटो जोडायचे आणि पुढे द्यायची. आता उन्हाळा लागलाय, भरपूर ऐकून झालंय. मत आधीच सांगते: संगीताच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे, नोंदींच्या शिस्तीबद्दल मात्र निम्मीच.

पोलंडचं अभिजात संगीत म्हटलं की आपल्याकडे शोपँवर गाडी थांबते. शोपँ कुठेही मिळतो, त्यासाठी या फंदात पडायची गरज नाही. खरी मेजवानी विसाव्या शतकात आहे. कम्युनिस्ट राजवटीत ‘पोल्स्किए नाग्रानिया’ ही सरकारी कंपनी ‘मुझा’ या लेबलखाली तबकड्या काढायची. रोवित्स्कीसारखा कंडक्टर, वॉर्सा फिलहार्मोनिक, कातोवित्सेचा रेडिओ ऑर्केस्ट्रा, सगळे तिथे वाजलेत. त्यातल्या कित्येक तबकड्या एकदा निघाल्या आणि संपल्या. 2015 मध्ये वॉर्नर म्युझिक पोलंडनं हा सगळा साठा विकत घेतला, त्यानंतर काही गोष्टी पुन्हा बाजारात आल्या. जे असं परत आलंय ते आम्ही देवघेवीतून काढून टाकतो. ते विकतच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या हाती आलेल्यांत सगळ्यात मोलाचं म्हणजे संगीतकार गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), गायिका स्तेफानिया वॉयतोविच, कंडक्टर येझी कात्लेविच. ही सिंफनी 1976 ची. जगाला ती कळली 1992 मध्ये, गायिका डॉन अपशॉ आणि कंडक्टर डेव्हिड झिनमन यांच्या सीडीमुळे, जिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. बहुतेकांनी तीच ऐकलेली असते, मीही वर्षानुवर्षं तीच ऐकत होते. वॉयतोविच वेगळी आहे. 1977 मध्ये फ्रान्समधल्या रॉयाँला या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला, तोही तिनंच गायला होता. अपशॉचा आवाज स्वच्छ, हलका, वर तरंगणारा. वॉयतोविचच्या आवाजात वजन आहे, आणि दुसऱ्या भागात त्या वजनाचा अर्थ कळतो. त्या भागातले शब्द झाकोपानेच्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) तुरुंगाच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या एका मुलीनं लिहिलेले आहेत: आई, रडू नकोस. वॉयतोविच ते गाते तेव्हा धीर देणारी मुलगी आणि ऐकणारी आई दोघीही त्या आवाजात असतात. त्या संध्याकाळी मी दुसरं काही लावलंच नाही.

याच तबकडीच्या दोन वेगवेगळ्या प्रती माझ्याकडे आल्या, दोन वेगळ्या माणसांनी उतरवलेल्या. एक अगदी ‘स्वच्छ’: खरखर नाही, टकटक नाही. दुसरीत सुई टेकल्यापासून बारीक सळसळ. पहिल्या भागाची सुरुवात नुसत्या डबल बेसनं होते, इतक्या खालच्या सुरात आणि इतकी हळू की स्वर आहे की खोलीतलाच आवाज हे आधी कळत नाही. मग त्यावर एकेक साथ चढत जाते, तोच सुरांचा धागा चढत्या क्रमानं वरच्या सुरांच्या वाद्यांत उचलला जातो. ‘स्वच्छ’ फाइलमध्ये सळसळीबरोबर त्या बेसच्या तारांवरची गजाची घासही पुसली गेली होती. उरला होता एक गुळगुळीत गुणगुणाट. दुसऱ्या फाइलमध्ये गज फिरवताना हात वळतो तो क्षणही ऐकू येत होता. तेव्हापासून मी उतरवणाऱ्याला पहिली विनंती हीच करते: सळसळ राहू दे. एखादी मोठी टकटक हातानं काढली तर चालेल, पण सगळ्यावरून नॉइज रिडक्शन फिरवू नका. ज्याला हवं तो आपल्या घरी करून घेईल. तुम्ही एकदा पुसलेलं मला परत आणता येणार नाही.

मोनो तबकड्यांचं तंत्र वेगळं आहे आणि ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मुझाच्या क्रमांकात ‘एक्सएल’ असेल तर मोनो, ‘एसएक्सएल’ असेल तर स्टिरिओ. मोनो तबकडी स्टिरिओ सुईनं वाजवून दोन्ही चॅनेल तशीच ठेवली तर डावी-उजवीकडे वेगवेगळी खरखर येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्र करून मोनो केलं की यातली बरीच खरखर आपोआप कमी होते आणि वाद्यांना कसलाही धक्का लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. 24 बिट, 96 किलोहर्ट्झला एका एलपीची फ्लॅक साधारण एक जीबीच्या आसपास जाते, त्यामुळे मोठी हार्ड डिस्क आणि तिची आणखी एक प्रत, एवढी तयारी असलेली बरी.

आता तक्रारीचं. एका देणाऱ्याकडून संगीतकार कार्वोविचचं व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) आलं. सोबत लिहिलेलं: एलपीवरून थेट, उच्च दर्जा. ऐकताना वरचे सूर बोथट वाटले म्हणून फाइल स्पेकमध्ये (आवाजातल्या कंप्रता चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहिली, तर 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, जणू कात्रीनं कापलेलं. म्हणजे जागा वाचवायला वरच्या कंप्रता गाळलेल्या कुठल्या तरी एमपीथ्रीवर फ्लॅकचा शिक्का मारला होता. वाईट वाटलं ते त्या वादनासाठी, कारण व्हायोलिनवर होती वांदा विल्कोमिर्स्का. 1982 मध्ये ती पोलंड सोडून पश्चिमेत राहिली. तिची रोवित्स्कीबरोबरची जुनी मुद्रणं तिच्या ऐन भरातली आहेत आणि ती अशी अर्धवट हाती यावीत हे सहन होत नाही. कार्वोविच स्वतः 1909 मध्ये तात्रा पर्वतात हिमकड्याखाली गेला, वय बत्तीस. लिहून झालेलं मोजकंच, त्यात हे एकच व्हायोलिन कन्चेर्टो. त्याच्या बाबतीत तरी हयगय नको.

पण आवाजापेक्षा माझा आग्रह नोंदींवर जास्त आहे, आणि त्याला कारण आहे. पोलिश पियानोवादक हालिना चेर्नी-स्तेफान्स्का ही 1949 च्या शोपँ स्पर्धेची संयुक्त विजेती. तिनं झेक फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेलं शोपँचं ई मायनर कन्चेर्टो पुढे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं पियानोवादक दिनू लिपात्तीचं म्हणून बाजारात आणलं. लिपात्ती तेव्हा हयात नव्हता. वर्षानुवर्षं जाणकारांनी त्यात लिपात्तीचं तेज पाहिलं, आणि 1981 मध्ये उघड झालं की वादन या पोलिश बाईचं आहे. लिपात्तीचं खरं मुद्रण, 1950 चं झुरिकमधलं, नंतर सापडलं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडू शकतं, तर आपल्या फोल्डरात ‘पियानो कन्चेर्टो जुनं फायनल’ नावाच्या फाइलचं काय होईल? आपल्याकडे खाजगी मैफलींच्या टेपा फिरल्या त्यातही कोणत्या गावची, कोणत्या साली, तबल्यावर कोण, हे लिहून ठेवणाऱ्यांच्याच टेपा आज उपयोगी पडतात. बाकीच्यांवर नुसते वाद होतात.

म्हणून माझ्या लेखी चांगलं पाकीट म्हणजे फ्लॅक, लेबलच्या दोन्ही बाजूंचे वाचता येतील असे फोटो, मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक, आणि कोणत्या सुईनं, कोणत्या यंत्रावर उतरवलं त्याच्या दोन ओळी. ज्या देणाऱ्यांनी हे पाळलं त्यांच्याकडून मी डोळे मिटून घेते. नावं लिहिताना पोलिश अक्षरांवरच्या रेघा आणि शेपट्या प्रत्येकजण आपापल्या पद्धतीनं टाकतो किंवा गाळतो, त्यामुळे शोध घेताना एकच संगीतकार तीन ठिकाणी सापडतो. त्यावर उपाय म्हणून मी जन्म-मृत्यूची सालं नावापुढे टाकते. बात्सेविच 1909–1969, शिमानोव्स्की 1882–1937. मग गोंधळ होत नाही.

या सालांचा कायद्यालाही उपयोग आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क (कॉपीराइट) प्रकाशनानंतर 60 वर्षं आणि रचनेचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. शिमानोव्स्की मोकळा आहे, लुतोस्वाव्स्की (मृत्यू 1994) अजिबात नाही. शिवाय युरोपात नियम वेगळे. देताना हे बघूनच द्यावं.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी ग्राझिना बात्सेविचचं नाव घेते. स्वतः उत्तम व्हायोलिनवादक असलेली ही बाई तंतुवाद्यांसाठी अशी लिहिते की बोटांना काय जमतं आणि काय आवडतं हे दोन्ही तिला माहीत होतं. तंतुवाद्यांसाठीचं तिचं 1948 चं कन्चेर्टो पंधरा मिनिटांत आटपतं आणि पहिल्याच ओळीला पकड घेतं. त्यानंतर शिमानोव्स्कीचा ‘राजा रॉजर’ हा ऑपेरा, आंजेय हिओल्स्कीच्या आवाजात. इलेक्ट्रॉनिक संगीताचे कान असतील तर पोलिश रेडिओच्या 1957 साली सुरू झालेल्या प्रायोगिक स्टुडिओतलं काम. मला ते अजून पूर्ण पचलेलं नाही, पण सोडवतही नाही.

‘वॉर्सा ऑटम’ या नव्या संगीताच्या महोत्सवाच्या थेट मुद्रणांच्या तबकड्या हा या देवघेवीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रसाळ भाग. त्या विक्रीसाठी नसायच्या. खोकले, खुर्च्यांची करकर, नव्या कृतीनंतर टाळ्या द्याव्यात की नाही या संभ्रमातली शांतता, हे सगळं त्यांत आहे. 1954 मध्ये देश सोडून गेलेल्या संगीतकार आंजेय पानुफ्निकचं संगीत मायदेशी दीर्घकाळ बंद होतं आणि 1977 च्या महोत्सवात ते पुन्हा वाजलं. त्या वर्षातलं काहीही, तबकडी असो वा रेडिओवरची टेप, कोणाकडे असेल तर कळवा. फाइल सावकाश आली तरी चालेल, आधी लेबलचा किंवा टेपच्या डबीचा फोटो पाठवा.