‘सर्टिफाइड’ संडासाचे ४,५९३ डॉलर

४,५९३ डॉलर. २६ फुटी शिडाच्या बोटीतल्या एका संडासाचे. सिअॅटलच्या आसपासच्या पाण्यात त्या संडासातून थेंबही बाहेर सोडायला कायद्याने मनाई आहे. बसवला त्या दिवशीही होती, आणि बसवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. प्यूजेट साउंडच्या खाडीत, लेक युनियन किंवा लेक वॉशिंग्टन या तळ्यांवर जुनी बोट घेऊन डागडुजीला माणूस शोधत असाल, तर आधी हे बिल वाचा.

टाइप-१ प्रक्रिया यंत्र, ‘रिकन्डिशन्ड, कोस्ट गार्ड सर्टिफाइड’: १,९५०. हातपंपाचं टॉयलेट: ३४०. दीड इंची सॅनिटेशन होज (मैल्याची नळी), २२ फूट, फुटाला १४ प्रमाणे: ३०८. वाय-व्हॉल्व्ह (मैल्याची वाट बदलणारा) आणि व्हेंटेड लूप: २१५. सर्टिफिकेशन फी: २४०. मजुरी १४ तास, ताशी ११०: १,५४०. निम्मी रक्कम आगाऊ, म्हणजे २,२९६ डॉलर ५० सेंट, आणि तीही झेलवरून (खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवायची सोय), कारण ‘कार्डावर तीन टक्के जास्त पडतील.’ हे तीन टक्क्यांचं गाजर कशासाठी असतं ते आता सांगायला नको. कार्ड नाही म्हणजे चार्जबॅक नाही, बँकेमार्फत पैसे परत मागायची सोय नाही.

हा माणूस सगळं खोटं बोलला असता तर पहिल्या भेटीतच पकडला गेला असता. तो नव्वद टक्के खरं बोलला. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चं मैलापाणी सोडता येत नाही, हे खरं. बोटीत कायमचं बसवलेलं टॉयलेट असेल तर तीनपैकी एका प्रकारचं मान्यताप्राप्त उपकरण लागतं, हेही खरं. टाइप-१ म्हणजे मैला दळून, जंतू मारून बाहेर सोडणारं यंत्र. ते ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना चालतं, आणि त्याची अट अशी की १०० मिलिलिटरमागे कॉलिफॉर्म जिवाणू १,००० च्या वर नकोत आणि तरंगता मैला दिसता कामा नये. टाइप-२ ची कसोटी याहून कडक. टाइप-३ म्हणजे नुसतं साठवणं, आपला साधा होल्डिंग टँक. हे सगळं त्याने छापील कागदावर दाखवलं आणि कागद अस्सल होता. ‘टाइप-१ घ्या, टँकची भानगडच नको, लॉकरची जागा वाचेल.’ छोट्या बोटीत जागा म्हणजे सोनं. कुणाला पटणार नाही?

गाळलं ते एवढंच: १० मे २०१८ पासून प्यूजेट साउंड आणि त्याला जोडलेली ही दोन्ही तळी नो डिस्चार्ज झोन आहेत. तिथे प्रक्रिया केलेलं मैलापाणीसुद्धा सोडायचं नाही. फक्त टाइप-१ असलेल्या बोटीला अशा झोनमध्ये नियम चार वाटा देतो: सीकॉक (बोटीच्या बुडातल्या भोकावरचा व्हॉल्व्ह) बंद करून त्याची मूठ काढून ठेवा, सीकॉकला बंद अवस्थेत कुलूप लावा, न सुटणारी पट्टी आवळा, नाहीतर संडासाच्या दाराला कुलूप घाला. १,९५० डॉलरचं यंत्र आणि दाराला कुलूप!

आता ती जागा, जिथे सगळं दिसत होतं. मान्यताप्राप्त यंत्रावर कारखान्यातूनच एक पट्टी येते. तीवर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, कोस्ट गार्डचा सर्टिफिकेशन नंबर आणि प्रकार, १, २ की ३, असं छापलेलं असतं. या यंत्रावर पट्टीच्या जागी डिंकाचा चौकोनी डाग होता. विचारलं तर ‘रंग देताना काढली, नवी पोस्टाने येईल, त्याचीच ती २४० ची फी.’ इतकं सरळ उत्तर आणि बिलात तशी वेगळी ओळ! संशय घ्यायचा तर कशावर? पण सर्टिफिकेट त्या मॉडेलचं असतं आणि ते बनवणाऱ्याला मिळतं. बोटीमागे कसलीही फी नसते, कुणाला भरायचीही नसते. नुसता साठवणीचा टँक तर साध्या तापमानाला आणि दाबाला चालत असेल तर नियमानेच मान्य धरला जातो, त्याला पट्टीसुद्धा लागत नाही. म्हणून ‘सर्टिफिकेशन’ नावाची ओळ बिलात दिसली की तिथेच उठा. तो डाग अजून आहे. पट्टी आलेली नाही.

बाकीच्या कामाची कथा याहून भीषण, कारण तिथे फक्त पैसे गेले नसते, बोटही गेली असती.

टॉयलेट पाण्याच्या पातळीखाली असेल तर होजचा एक वाक उंच नेऊन त्याच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. हाच व्हेंटेड लूप. तो नसला तर सायफन लागून समुद्र भांड्यातून आत येतो. आणि हा माथा बोट पूर्ण कललेली असतानाच्या पाण्याच्या रेषेच्या किमान सहा ते आठ इंच वर हवा. धक्क्याला बांधलेल्या सरळ बोटीवर फूटपट्टी लावून काय कळणार? या पठ्ठ्याने लूप भांड्याच्या काठापासून चार इंचांवर बसवला. बोट वीस अंश कलली की माथा पाण्याखाली.

सीकॉकच्या जागी नळवाल्याच्या दुकानातला पितळी गेट व्हॉल्व्ह. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर होतो आणि बोटाने मोडेल इतका ठिसूळ. वर, बुडातल्या फिटिंगचे आटे सरळ आणि या व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आट्यांवर अडकतो, घट्ट वाटतो, आणि खाली महासागर. कांस्याचा किंवा समुद्री प्लॅस्टिकचा सीकॉक, प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, आणि बोटीवरच्या प्रत्येकाला चालू-बंद करता येईल इतकी मोकळी मूठ. यात तडजोड नाही.

यंत्राची वायर १६ गेजची! मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारी ही यंत्रं काही मिनिटंच चालतात, पण तेवढ्यात १२ व्होल्टवर चाळीसेक ॲम्पियर ओढतात. वायर बारीक तर व्होल्टेज पडतं, क्लोरीन बनत नाही आणि इन्सुलेशन मऊ पडतं. फ्यूज बॅटरीजवळ हवा. इथे नव्हताच.

आणि होज. बिलात १४ डॉलर फुटाची सॅनिटेशन होज, आत पांढरी पन्हाळीदार बिल्जची होज, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसायची. अस्सल होजवर दर काही फुटांवर कंपनीचं नाव आणि प्रकार छापलेला असतो. ही कोरी. वळणांमध्ये मैला साचतो आणि वास भिंतीतून पाझरतो. ओळखायची युक्ती जुनी आहे: फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, होजवर गुंडाळा, गार होऊ द्या, मग बाजूला नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर होज फेका, धुऊन काही होत नाही. (सडक्या अंड्यासारखा वास फक्त पहिल्या पंपाला येत असेल तर दोष मैल्याचा नाही. आत येणाऱ्या पाइपात मेलेल्या समुद्री जिवांचा आहे.)

तक्रारीचं काय झालं, तर ऐका. मरिनाच्या, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याच्या, फळ्यावर या माणसाचं कार्ड लावलेलं होतं. ऑफिस म्हणालं, फळ्यावरच्या कार्डांची जबाबदारी आमची नाही. इथवर ठीक. पण त्याच ऑफिसने उलटी नोटीस आम्हालाच काढली: तुमच्या बोटीचा व्हॉल्व्ह कुलूपबंद नाही, करारभंग होतो. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या सरकारी खात्याने अर्ज घेतला, कंत्राटदाराला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही म्हणून फाइल बंद केली. उत्तर न देणाऱ्याविरुद्ध तक्रार, आणि ती बंद करायचं कारण हे की त्याने उत्तर दिलं नाही! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. राहिलं स्मॉल क्लेम्स कोर्ट. वॉशिंग्टन राज्यात व्यक्तीला १०,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो. पण समन्स हातात पडायला माणूस सापडावा लागतो, आणि बिलावरचं नाव कुठल्याच नोंदणीत नव्हतं. बिलावरचं नाव राज्याच्या व्यवसाय-नोंदणीत तपासायला पाच मिनिटं लागतात, ॲडव्हान्स देण्याआधीची पाच मिनिटं.

दुरुस्तीचं सामान ६८६ डॉलरमध्ये आलं: १५ गॅलनचा जाड भिंतीचा पॉलिएथिलीन टँक २६५, खरी होज २१०, कांस्याचा सीकॉक १४२, डेकवरचं पंप-आउट (टँकमधला मैला ओढून काढायचं) फिटिंग ३८, एक इंची व्हेंटचं (टँकच्या हवेच्या नळीचं) सामान ३१. टँक भरला की ५७ लिटर, म्हणजे जवळपास साठ किलो, तेव्हा शक्यतो मधोमध बसवा. हातपंपाने मोकळ्या हाताने पाणी ओढलं तर एका वापराला गॅलनभर जातं. दोन माणसांना शनिवार-रविवार पुरवायचा तर पंप जपूनच मारायचा. व्हेंट पाच अष्टमांश इंचाचा देतात, तो घेऊ नका. तो तुंबतो, आत हवा जात नाही, वास वाढतो, आणि पंप-आउटच्या ओढीने टँक आत चेपू शकतो. एक इंची व्हेंट, आखूड आणि सरळ. १९९२ च्या क्लीन व्हेसल ॲक्टच्या निधीतून इथे बऱ्याच ठिकाणी पंप-आउट फुकट आहे, त्यामुळे ‘टँक रिकामा करणं महाग पडतं’ हेही थापच.

बोट २५ फुटांच्या आत असेल तर यातलं काहीच घेऊ नका. पाच गॅलनचा उचलून नेता येणारा पोर्टेबल डबा दीड-दोनशे डॉलरला मिळतो. तो ‘बसवलेला’ धरत नाहीत, त्यामुळे बुडाला भोक नाही, सीकॉक नाही. अर्थात तोही पाण्यात ओतायचा नाही. लघवी वेगळी करणारे कोरडे टॉयलेट हजाराच्या घरात जातात. नारळाचा भुसा, बारीकसा पंखा, चांगले चालतात. पण ‘कंपोस्ट होतं’ म्हणून विकणाऱ्याला विचारा, किती दिवसांत? कंपोस्ट व्हायला महिने लागतात. बोटीवर मैला फक्त सुकतो. दोन माणसं असली तर लघवीची बाटली दोन-तीन दिवसांत भरते, आणि झोनमध्ये तीही बाहेर ओतायची नाही. हे जो आधी सांगेल त्याच्याकडून घ्या.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, आता वेगळ्या नावाने. फोटोत यंत्र नवं दिसतं, पण मागे होज कोरी आहे आणि लूप भांड्याच्या काठापासून चारच इंचांवर.