वर्षाचा साठा: शेंगा की दाणे?

भुईमुगाच्या शेंगा भराव्यात की सोललेले दाणे, शिरपूरच्या वहिनींचा हा दरवर्षीचा घोळ. भाव करताना शेंगेचं पंचवीस ते तीस टक्के वजन टरफलाचं असतं, हे धरा. जागा नि मेहनत, दोन्हीत दाणेच सोयीचे.

बुरशीचं मात्र उलट. टरफल दाण्याला सांभाळतं. फुटक्या, साल निघालेल्या दाण्यावर ॲस्परजिलस ही बुरशी चटकन बसते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही पुरतं जात नाही. शेंगेतली बुरशी वरून दिसत नाही, हा खोडा आहेच. कानाशी हलवा, खुळखुळली तर वाळली. फोडल्यावर सुरकुतलेला, हिरवट-काळा दाणा निघाला तर फेका, चटणीत खपवू नका.

रोज कूट लागत असेल तर महिन्यापुरते दाणे घ्या. पावसाळा काढायचा असेल तर शेंगाच, त्याही पाटावर, भिंतीपासून हातभर दूर.